नेरेइदाच्या डेगेची खरवड

नेरेइदा पिनालेसला रोज दुपारी चार वाजता एक आकडा सांगितला जाई. उद्या दुपारी जेवायला किती पोरं, तो आकडा. अकादमीचा व्यवस्थापक ओनेसिमो कॉफी प्यायला स्वयंपाकघराच्या मागच्या दारी यायचा, पेला तोंडाला लावायच्या आधी म्हणायचा, "उद्या अडतीस," आणि मग हवापाण्याचं, केळ्यांच्या भावाचं, आपल्या गुडघ्याचं बोलायला लागायचा. तेवीस वर्षांत हा रिवाज मोडला तो फक्त वादळाने रस्ता बंद केला तेव्हा.

अकादमी दक्षिणेतल्या एका बेटावर, उसाच्या शेतांच्या मधोमध होती. दोन मैदानं, पोरांची राहायची लांबट इमारत, जेवणघर आणि सगळ्याला वेढून उंच भिंत. उत्तरेतल्या एका बेसबॉल क्लबाने ती बांधली होती. सोळा-सतरा वर्षांची पोरं इथे करारावर यायची, दोन-तीन वर्षं राहायची. शंभरातली चार-पाच पुढे उत्तरेत जातात हे प्रत्येकाला ठाऊक होतं. आपण त्या चार-पाचांतले आहोत हेही प्रत्येकाला ठाऊक होतं.

उरलेल्यांना परत पाठवायची पद्धत ठरलेली होती. सकाळच्या न्याहारीनंतर एकेकाला कचेरीत बोलवायचं. तो बाहेर आला की त्याची बॅग दारात आलेली असायची आणि दहाच्या आत गाडी त्याला बसथांब्यावर सोडून परतायची. दुपारच्या जेवणाला त्यातला कोणी नसे. त्यामुळे आकडा आदल्या दिवशीच उतरायचा. म्हणजे आपण जाणार हे पोराला कळायच्या सतरा-अठरा तास आधी ते नेरेइदाच्या तांदळाच्या मापाला कळलेलं असायचं.

पहिल्या वर्षी तिने एका पोराला सांगून टाकलं होतं. आसुआकडचा डावखुरा पोर होता, जेवता जेवता आईच्या आठवणी सांगायचा. "सामान जरा आवरून ठेव रे," एवढंच ती म्हणाली. तो रडत कचेरीत गेला. ओनेसिमो तेव्हा नवा होता, केस काळे होते. तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला आणि आवाज न चढवता, बाईंना मानाने म्हणतात ते 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या नेरेइदा, तुमचं काम भात शिजवायचं." तिने मान डोलावली. नवरा गेलेला होता, घरात दोन मुली होत्या. त्यानंतर तिने कुणाला काही सांगितलं नाही आणि काही विचारलंही नाही.

पण हात गप्प बसेना.

जाड बुडाच्या डेगेत तेल-मीठ घालून भात शिजवला की बुडाला सोनेरी, कुरकुरीत थर धरतो. लोखंडी उलथन्याने तो खरवडून काढायचा. त्या बेटावर या खरवडीसाठी सख्खे भाऊ भांडतात. अकादमीतली पोरंही भांडायची, म्हणून नेरेइदाने दाराच्या आतल्या बाजूला खडूने पाळी लिहून ठेवली होती: आज या टेबलाची, उद्या त्या. उलथन्याचा आवाज आला की पाळीचं टेबल ताट वाजवायला लागायचं.

ज्या दिवशी आकडा उतरे, त्या संध्याकाळी मात्र ती पाळी मोडायची. जाणाऱ्या पोराच्या ताटात खरवडीचा मोठा तुकडा ठेवायची, वर राजम्याची आमटी ओतायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसू नये. आपण काही सांगतो आहोत असं तिला वाटत नसे. पोर उद्या उपाशी बसमध्ये बसणार, तर आज पोटभर, चांगलं जेवू दे, एवढंच तिच्या मनात असायचं.

कोण जाणार हे तिला कसं कळे? ओनेसिमो आकडा सांगून झाल्यावर खिशातला कागद साखरेच्या डब्याशेजारी ठेवायचा, नावं वरच्या बाजूला करून, आणि नळावर हात धुवायला जायचा. हात धुवायला तो फार वेळ लावी. परत आला की कागदाची घडी करून खिशात टाकी. तेवीस वर्षांत दोघांनी त्या कागदाबद्दल एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

खरवड हे आपलं गुपित आहे असं नेरेइदाला वाटत होतं. ते गुपित नव्हतं. पोरांच्या खोल्यांत, पाळी नसताना 'खरवड मिळाली' म्हणजे घरी गेला, असाच अर्थ होता. नवं आलेलं पोर हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकायचं. आमटीखालचा तुकडा दाताला लागला की काहीजण जेवण टाकून उठायचे. पोटात दुखत असेल, असं ती म्हणायची. तिला कळत नव्हतं असं म्हणण्यापेक्षा, कळू नये याची तिने काळजी घेतली होती असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

वर उत्तरेत क्लबाचं काय चाललंय ते नेरेइदाला टीव्हीपेक्षा तांदळाच्या पोत्यांवरून समजायचं. एका वर्षी पोती वाढायला लागली. अडतीसचे पंचेचाळीस झाले, मग पन्नास.

"एवढी पोरं आणून करायचं काय आहे त्यांना?" तिने एकदा विचारलं.

"घर पाडून पुन्हा बांधतायत, दोन्या," ओनेसिमो म्हणाला. "जुने मोठे खेळाडू दुसऱ्या क्लबांना देऊन टाकले. एकेकाच्या बदल्यात तीन-तीन, चार-चार कोवळी पोरं घेतली. शेवटचा नंबर आला की तिकडच्या शाळा-कॉलेजातली पोरं निवडायला पहिला मान मिळतो, तोही घेतला. आणि इथून आमची ही."

"आणि घर बांधून होईस्तोवर राहतात कुठे?"

"राहत नाहीत. हरतात."

चार वर्षं तो क्लब हरला. उत्तरेत एखादा नावाजलेला खेळाडू गेला की इथे टेबलाला एक बाक वाढे. आकडा चौसष्टपर्यंत चढला. अकादमीत एकाच्या जागी दोन संघ झाले. नेरेइदाने दुसरी डेग मागून घेतली.

त्या वाढलेल्या पोरांत विल्किन मातेओ आला. ऊसतोड कामगारांच्या वस्तीतला, काठीसारखा उंच, सोळा वर्षांचा. पहिल्या दिवशी त्याने तीनदा भात घेतला आणि मग वाढपाच्या खिडकीशी येऊन हळूच विचारलं, "दोन्या, हे कापून घेणार का माझ्या हिशेबातून?"

"घेणार," ती म्हणाली. "पण तू मोठा झाल्यावर. तोवर खा."

तेव्हापासून तो आपलं ताट स्वतः धुवायचा. खरं तर अकादमीत कोणी ताट धूत नसे. सरावानंतर तो खिडकीत कोपरं टेकून उभा राही.

"दोन्या, आज ताशी चौऱ्याण्णव मैल."

"कोण धावत होतं एवढं?"

"चेंडू, दोन्या. मी टाकलेला."

"मग चेंडूला जेवायला पाठव. तू दमलेला दिसत नाहीस."

स्वयंपाकघराची मागची खिडकी नेमकी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी पोरं, जिथे सराव करत त्या मातीच्या उंचवट्याकडे उघडत होती. नेरेइदाला खेळातलं फारसं कळत नव्हतं, पण झेलणाऱ्याच्या चामडी हातमोज्यात चेंडू जाऊन बसतो त्याचा आवाज तेवीस वर्षं तिच्या कानावर पडत होता. पाठ फिरवून कांदा चिरताना ती ओळखायची. बहुतेकांचा चेंडू ओला टॉवेल दगडावर आपटावा तसा वाजायचा. विल्किनचा चेंडू जाड फळी मोडल्यासारखा वाजायचा. असा आवाज तिने आधी दोनदाच ऐकला होता आणि ते दोघेही उत्तरेत गेले होते.

ओल्या टॉवेलांपैकी एक होता वास्कार एन्कार्नासियोन. राजधानीच्या कडेच्या वस्तीतला, एकोणीस वर्षांचा, सगळ्या जेवणघराला हसवणारा. "दोन्या, माझ्याशी लग्न करा, म्हणजे खरवड रोज माझी," असं तो दर आठवड्याला म्हणायचा. आणि ती दर आठवड्याला म्हणायची, "आधी ताट धुवायला शिक. विल्किनला विचार कसं धुतात ते."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ओनेसिमो चारला आला. पेला हातात घेतला आणि नेहमीपेक्षा जरा थांबून म्हणाला, "उद्या त्रेपन्न."

नेरेइदाचा हात कॉफीच्या गाळणीवरच राहिला. अकरा कमी. एका दिवसात अकरा कधीच कमी झाले नव्हते.

"दुसरा संघ बंद," ओनेसिमो म्हणाला. "वरचं घर आता खिडक्यांपर्यंत आलंय म्हणे. एवढ्या विटा नकोत." मग त्याने कागद साखरेच्या डब्याशेजारी ठेवला आणि तो नळाकडे गेला.

अकरा नावं इंग्रजी छपाईत होती. प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मग आडनाव. ती बोट न लावता वाचत खाली आली. सातव्या ओळीवर होतं: व. मातेओ. विल्किनचं आणि वास्कारचं, दोघांचं नाव इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतं, पण हे तिच्या मनातही आलं नाही. कशाला येईल? मातेओ आडनावाचा एकच पोर तिच्या खिडकीशी येत होता.

नळ बंद झाला. कागदाची घडी झाली. ओनेसिमो म्हणाला, "गुडघा फार त्रास देतोय हल्ली," आणि निघून गेला.

कपडे धुणारी योकास्ता मागच्या अंगणात पोरांचे सदरे वाळत घालत होती. नेरेइदा तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"काय गं, भूत पाहिलंस का?" योकास्ता म्हणाली.

"विल्किनला काढतायत."

"कोणता? तुझा?" योकास्ताने चिमटा तोंडातून काढला. "वेडी आहेस का? परवा उत्तरेहून आलेला तो टोपीवाला त्याच्याचकडे बघत होता की सगळा वेळ. चुकीचं वाचलं असशील."

"डोळे ठीक आहेत माझे."

"मग त्यांचं चुकलं असेल."

"वरून आलेला कागद आहे, योकास्ता."

"मग काय देवाने लिहिला? जा, विचार ओनेसिमोला. तोंड आहे ना तुला?"

नेरेइदाने खाली पडलेला एक चिमटा उचलून योकास्ताच्या हातात दिला. "विचारायचं नसतं," ती म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ धुवायला लागली.

पुढे कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं की कचेरीचं दार स्वयंपाकघरापासून चाळीस पावलांवर होतं, आणि त्या दिवशी ते उघडंच होतं.

सहा वाजता जेवणं बसली. दोन्ही डेगांची खरवड तिने अकरा ताटांत भागवली. विल्किनच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा ठेवला. वर आमटी ओतली, कोंबडीची तंगडी ठेवली, बाजूला तळलेली कच्ची केळी. ताट घेताना तो हसला. मग खिडकीपासून दोन पावलं गेला आणि थांबला. काट्याने आमटी जरा बाजूला केली. परत आला.

"दोन्या, आज आमच्या टेबलाची पाळी नाही."

"असू दे."

"चुकून आलं असेल तर..."

"नाही रे चुकून. खा."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने नजर डेगेकडे वळवली. मागून वास्कार ओरडला, "अरे मातेओ, हल की पुढे! आणि दोन्या, मला कुठाय? माझं काय वैर आहे तुमच्याशी?"

"तुझी पाळी शुक्रवारी," नेरेइदा म्हणाली आणि त्याच्या ताटात साधा भात वाढला.

इतर दहांपैकी चौघांनी ताट तसंच ठेवलं. विल्किनने मात्र सगळं संपवलं. खरवडीचा शेवटचा तुकडाही चावून चावून खाल्ला. मग ताट धुतलं, पुसलं, नेहमीच्या जागी पालथं घातलं आणि गेला.

सकाळी न्याहारीनंतर कुणालाच कचेरीत बोलावलं नाही. उत्तरेहून आलेल्या माणसाला दुपारच्या विमानाने जायचं होतं आणि त्याआधी पिचरांचा सराव बघायचा होता, म्हणून बोलावणी अकरानंतर ठेवली होती. विल्किनने त्या दिवशी वीस चेंडू टाकायचे होते, तेही हात मोकळा करण्यापुरते. वेळापत्रकात तसंच लिहिलेलं होतं.

नेरेइदा केळी सोलत होती. पहिला चेंडू वाजला आणि तिने मान वर केली. फळी मोडली. मग दुसरी. प्रशिक्षक काहीतरी ओरडला. तिसरी त्याहून जोरात मोडली. पंधराव्या-सोळाव्या चेंडूला बाकीच्यांचा सराव थांबला असावा, कारण मैदानावर दुसरा आवाजच राहिला नाही. "सत्त्याण्णव," कोणीतरी वेग मोजायचं यंत्र बघून मोठ्याने म्हणालं. प्रशिक्षक म्हणाला, "पुरे." विल्किन म्हणाला, "आणखी एक." वीस झाले, तीस झाले. टोपीवाला बाकावरून उठून जाळीपाशी आला होता, त्यामुळे प्रशिक्षकाचंही अडवायचं मन होईना. नेरेइदाच्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं. त्यांना दाखवतोय, तिच्या मनात आलं. काय फेकून देतायत ते दाखवतोय.

चौतिसाव्या चेंडूचा आवाज आलाच नाही. चेंडू झेलणाऱ्याच्या डोक्यावरून जाऊन भिंतीवर आपटला. तिने खिडकीतून पाहिलं तर विल्किन उंचवट्यावर गुडघे टेकून बसला होता आणि उजवं कोपर त्याने पोटाशी धरलं होतं, लहान मूल धरतात तसं.

गाडी आली, पण ती बसथांब्यावर गेली नाही. राजधानीच्या दवाखान्यात गेली.

अकरानंतर बोलावणी झाली. नेरेइदा खिडकीतून मोजत होती. दहा पोरं आत गेली आणि दहा बॅगा दारात आल्या. वास्कार जेवणघरात टेबलावर बसून पाय हलवत होता. मग ओनेसिमो आला. चार वाजायला अजून बराच वेळ होता.

"दुपारी त्रेपन्नच," तो म्हणाला.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं. "विल्किनचं नाव होतं ना कागदावर?"

ओनेसिमोने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती परकी भाषा बोलली. "विल्किनचं? नाही. कुणी सांगितलं?"

"व. मातेओ. सातवं."

तो खुर्ची ओढून बसला. "दोन्या," तो म्हणाला, "तो वास्कार. वास्कार एन्कार्नासियोन मातेओ. त्याच्या आईचं आडनाव मातेओ. आपल्याकडे बापाचं आधी, आईचं नंतर. उत्तरेतल्या यंत्राला ते कळत नाही, ते शेवटचा शब्द धरतं. विल्किनच्या आईचं आडनाव सुएरो, म्हणून तो तिथे सुएरो आहे. पहिल्यापासून." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी कागदावर दुरुस्त करत नाही. मला माहीतच असतं ना."

बाहेर वास्कारने काहीतरी विनोद केला असावा. दोघे-तिघे हसले.

"आणि वास्कार?" तिने विचारलं.

"राहतोय. वर विचारलं मी. एक पिचर गेला तर एक पिचर लागणारच. त्यांना त्रेपन्न हवे होते." तो उठला. "आकडा तोच राहिला."

त्याने खिशातून कागद काढला आणि तिच्यासमोर त्याचे तुकडे केले. त्या दोघांमध्ये या विषयावर झालेलं एवढंच बोलणं.

विल्किनच्या कोपराच्या आत जे तुटलं होतं ते क्लबाने शिवून घेतलं. त्यात त्यांनी कसूर केली नाही. मग बोलावू म्हणून त्याला घरी पाठवलं. दहा महिन्यांनी बोलावलं, हात तपासला, आणि करार संपल्याचं पत्र दिलं. त्या दिवशी तो जेवायला थांबला नाही. नेरेइदाने त्याला फाटकातून जाताना पाठमोरं पाहिलं.

त्या मंगळवारनंतर तिने खरवड वाढणं सोडलं होतं. भात झाला की ती डेगेत पाणी ओतायची. दारावरची पाळी पुसून टाकली. पोरं ओरडली, मग विसरली. ओनेसिमो अजूनही कागद साखरेच्या डब्याशेजारी ठेवायचा. ती तेव्हा अंगणात जाऊन उभी राहायची.

वास्कार वर्षभराने उत्तरेत गेला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जेवणघराच्या टीव्हीवर त्याचा फोटो आला. क्लबाचं घर आता छपरापर्यंत आलं होतं, जिंकायची घाई होती, म्हणून त्यांनी दुसऱ्या क्लबाकडून एक जुना, कसलेला पिचर घेतला आणि बदल्यात तीन कोवळी पोरं दिली. वास्कार त्या तिघांत तिसरा होता. टीव्हीवर त्याचं नाव लिहिलं होतं 'मातेओ'. पोरांनी टेबलं बडवली. नेरेइदाने हातातलं ताट खाली ठेवलं आणि योकास्ताला सांगितलं, "रविवारी मी विल्किनकडे जातेय."

"दोन वर्षांनी?" योकास्ता म्हणाली. "काय सांगणार?"

"जे झालं ते."

"त्याला माहीत नसेल तर कशाला सांगतेस? माझं ऐक, न कळलेलं दुखणं बरं."

"तुझं एकदा ऐकायला हवं होतं," नेरेइदा म्हणाली. "तेव्हा ऐकलं नाही."

वस्तीच्या फाट्यावर ती बसमधून उतरली. झाडाखाली तीन-चार मोटरसायकलवाले गिऱ्हाइकाची वाट बघत होते. एकजण पुढे आला. "कुठे जायचं, दोन्या?" आणि मग दोघांनी एकमेकांना ओळखलं. तो रुंद झाला होता. उजवा हात हँडलवर होता, पण कोपर पुरतं सरळ होत नव्हतं, पंख मुडपल्यासारखं दिसत होतं.

"तुझ्याकडेच," ती म्हणाली.

"मग बसा. घट्ट धरा. माझा वेग माहीत आहे ना तुम्हाला?"

घर सिमेंटचं होतं, दोन खोल्यांचं. करारावर सही करताना मिळालेल्या पैशातून बांधलेलं. छपरातून वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या आभाळात उभ्या होत्या आणि गंजाने लाल झाल्या होत्या. त्याची आई एनेरिया दारात आली, पदराला हात पुसावेत तसे झग्याला हात पुसत. "अकादमीच्या दोन्या? यांनीच तुला माणसात आणलं ना? बसा, बसा. जेवल्याशिवाय सोडणार नाही." आणि ती चुलीकडे गेली.

दोघं ओट्यावर बसली. नेरेइदा वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं विसरली. तिने सरळ सांगितलं: कागद, सातवी ओळ, वास्कारच्या आईचं आडनाव. "तुझं नाव नव्हतंच त्यावर. मी चुकीच्या ताटात वाढलं."

विल्किन रस्त्याकडे बघत होता. "माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दवाखान्यापासून. ओनेसिमो आले होते. त्यांना राहवलं नाही, बोलून गेले."

"आणि तू काही बोलला नाहीस?"

"काय बोलू? भात जास्त वाढला म्हणून भांडू तुमच्याशी?" तो जरासा हसला आणि हसू तिथेच विरलं. "पहिलं वर्ष रोज वाटायचं की तुम्ही याल. काय काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. मग ते बोलणं जुनं झालं."

"माझ्यामुळे झालं, विल्किन."

"चेंडू मी टाकले. प्रशिक्षक पुरे म्हणत होता. तुम्ही खिडकीत केळी सोलत होता, मला दिसत होतं." तो थांबला. एका लहान पोराने रस्त्यावरून काठीने टायर पळवत नेला. "एक विचारू, दोन्या?"

"विचार."

"तुम्ही रोज माझा चेंडू ऐकायचा. तुम्हीच म्हणायचा, फळी मोडतो म्हणून. वास्कारचाही ऐकायचा. कागदावर माझं नाव वाचलं तेव्हा..." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "तुम्हाला खरं वाटलं?"

वाटलं नव्हतं, असं नेरेइदाला म्हणता आलं असतं. पण मग ताटात वाढलं कशाला, याला उत्तर नव्हतं.

"कागदावर होतं," ती म्हणाली.

"हो," विल्किन म्हणाला. "मलाही ताटात दिसलं आणि खरं वाटलं. मलाच माझा चेंडू माहीत होता, तरी." मग तो उठून मोटरसायकलजवळ गेला आणि काही कारण नसताना साखळी तपासायला लागला.

एनेरियाने आत बोलावलं. मेजावर तीन ताटं होती. तिने भात वाढला, आमटी वाढली. मग डेगेच्या बुडातून उलथन्याने खरवड काढली, कर्रकर्र आवाज करत, अख्खीच्या अख्खी, आणि रिवाजाप्रमाणे ती सगळी पाहुणीच्या ताटात ठेवली.

"अगं, त्याला दे," नेरेइदा म्हणाली.

"तो शिवत नाही हल्ली. दात दुखतात म्हणतो. बावीसचा नाही झाला आणि दात दुखतात." एनेरिया हसली. "तुम्ही घ्या, दोन्या. तुमच्या हातची इतकी खाल्लीय त्याने."

विल्किनने आपल्या ताटातला भात डाव्या हातातल्या काट्याने कालवायला घेतला होता. त्याने मान वर केली नाही.

"खा, दोन्या," तो म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता.

नेरेइदाने पहिला तुकडा तोंडात घातला. तो कुरकुरीत होता, चांगल्या तेलातला. घरात दुसरा कसला आवाज नव्हता, फक्त तिच्या दातांखाली तो मोडत होता.

"कडक झालीय का फार?" एनेरियाने विचारलं.

"नाही," नेरेइदा म्हणाली. "छान झालीय." आणि तिने ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.